ओल मोजली, दम मोजायचा राहिला

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा मागे पडला. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्यतपासणी होणार, असे सरकार सांगते. तेलंगणातल्या आदिलाबादच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर उभी राहणारी कितीतरी पोरे विशी-पंचविशीची आहेत. ती पुन्हा वगळली गेली, हे मला फार लागले.

हे वगळणे जुने आहे. निजामाचा अंमल, १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि पुढची दशके इथे भरभर ओलांडतो. कापूस यायचा, सरकी निघायची, गाठी जायच्या. खरी उलथापालथ २००० नंतरच्या दशकात झाली. २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. जिल्ह्यातल्या जैनथ-बेल्याच्या काळ्या रानात ज्वारी हटली, कपाशी पसरली. अनुदानातून जिनिंगांत सिमेंटची फरशी, कापूस वाहणारे पट्टे, सफाईयंत्रे, नवे प्रेस आले. रुई स्वच्छ झाली, हे मान्य. माणसाच्या छातीत किती धूळ गेली, याचा हिशेब कुणी मागितला नाही. मास्कचा विषय काढला की कारखानदार म्हणत, चार महिन्यांच्या कामाने कसला आजार? तेच चार महिने दरसाल येत होते.

आजार नवा नव्हता; त्याचे नाव बिसिनोसिस. कापसातल्या पालापाचोळ्यावरच्या जिवाणूंचे विष धुळीतून श्वासनळ्यांत जाते, नळ्या आवळतात. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला दम जास्त लागतो. वर्षे सरली की तो कायमचा होतो. डॉ. शिलिंग यांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या. मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांत तो अभ्यासला. कायद्याने बिसिनोसिस नोंदवणे बंधनकारक केले. पण तपासणीच नाही, तर नोंद कसली? अमेरिकेचा कापूस-धुळीचा नियमही जिनिंगला लागू नाही. रेच्यावरचा माणूस सगळीकडेच दाराबाहेर राहिला.

आज कापसातली ओल ८ टक्क्यांवर गेली की भाव कापतात, १२ वर गेली की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही. त्यासाठी यंत्र हजर असते. मग फुंकून दम मोजायचे यंत्र का नको? २००८ पासून आदिलाबाद शहरात रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. वयाची अट काढा. हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला प्रत्येक मजुराची फुंक मोजा, आकडा त्याच्याच हाती द्या. दम घटत असेल, तर त्याला धुळीतून हलवा आणि त्याची मजुरी कापू नका.