शहराची हद्द आणि शहराचा भास

२०२० च्या खानेसुमारीच्या दप्तरात सुमारे साडेनऊ लाख लोकसंख्या नोंदविलेले फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल हे पावणेसात लाखांच्या बॉस्टनहून मोठे ठरते. परंतु प्रत्यक्ष पाहणाऱ्यास नेमका उलटा प्रत्यय येतो. याचे कारण असे की, १९६८ मध्ये ड्युव्हल परगण्याचा कारभार शहराच्या कारभारात विलीन झाल्यामुळे जॅक्सनव्हिलच्या हद्दीत पाइनची राने आणि खाजणेही आली, तर १८७३ मध्ये शेजारच्या ब्रुकलाइनने सामील होण्यास साफ नकार दिल्याने बॉस्टनची हद्द आखूडच राहिली. बॉस्टनहून लाँगफेलो पुलावरून केंब्रिजला जाणाऱ्या पादचाऱ्याच्या शेजारून शहराची आगगाडी धडधडत जाते, आणि चार्ल्स नदीपलीकडेही पूर्वीसारखीच दाट वस्ती लागल्यामुळे आपण दुसऱ्या नगरपालिकेच्या अमलाखाली आलो, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.