जपानी साधे भोजनालय आणि गिऱ्हाईकाच्या चार शंका

दुकान कापडाचे असो, भांड्यांचे असो की खाण्याचे, नवे गिऱ्हाईक पायरी चढताना मनात काही शंका घेऊनच येते. दाम किती पडेल? दाखवला तोच माल मिळेल का? आपल्याशी कसे वागतील? आणि मुसलमान गिऱ्हाईक परमुलखात खाण्याच्या दुकानात शिरत असेल, तर चौथी आणि सर्वांत मोठी शंका, म्हणजे ताटात येणारे हलाल आहे का?

जपानमधील साध्या भोजनालयांनी यातील पहिल्या तीन शंकांचा बंदोबस्त फार चांगला केला आहे. चौथीच्या बाबतीत मात्र तीच दुकाने बरीच मागे होती आणि आता कुठे सुधारत आहेत. या दोन्ही गोष्टींत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना घेण्यासारखे पुष्कळ आहे. आम्ही येथे महागड्या हॉटेलांविषयी लिहीत नाही. कारकून, मजूर आणि विद्यार्थी दुपारी वीस मिनिटांत जेवून उठतात, अशी जी दुकाने कापडाच्या कामानिमित्त ओसाका, कोबे व टोकियो येथे आम्हास पाहावयास मिळाली, त्यांच्याविषयी हे लिखाण आहे.

दाम आधी, जेवण नंतर

नूडल किंवा भाताच्या अनेक दुकानांत दाराशीच एक यंत्र उभे असते. पैसे टाकावे, पदार्थाचे बटण दाबावे, चिठ्ठी घ्यावी आणि ती आत द्यावी. मालकाला गल्ल्याकडे पाहावे लागत नाही, आचाऱ्याचा हात पैशाला लागत नाही आणि जेवून झाल्यावर बिलाची धास्तीही नसते. जेथे यंत्र नाही तेथे दरपत्रक असते. एप्रिल २०२१ पासून त्या देशात करासह एकूण किंमत दाखवणे बंधनकारक झाले आहे. कराचेही दोन दर आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून दुकानात बसून खाल्ले तर १० टक्के आणि बांधून नेले तर ८ टक्के.

बक्षिशीची चाल तेथे नाही. टेबलावर नाणी ठेवून निघालात, तर तुम्ही विसरलात असे समजून नोकर पोरगा रस्त्यापर्यंत परत द्यायला धावतो. चांगली वागणूक ही मालाच्या किमतीतच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

हा ठरल्या दामाचा रिवाज जपानात रुजवण्यात आपल्याच पेशाचा, म्हणजे कापडाचा, मोठा हात आहे. मित्सुई ताकातोशी या व्यापाऱ्याने १६७३ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचे कापडाचे दुकान काढले. त्या काळी बडे दुकानदार श्रीमंतांच्या घरी माल नेऊन दाखवीत, उधारीवर देत आणि माणूस पाहून दाम सांगत. एचिगोयाने दुकानातच रोखीने, सर्वांना एकाच दामाने आणि लागेल तेवढा तुकडा कापून विकण्याची पद्धत चालविली. गरीब गिऱ्हाईकही न बिचकता आत येऊ लागले. पुढे याच दुकानातून मित्सुकोशी ही प्रसिद्ध पेढी उभी राहिली.

नमुना तसा माल

तेथील भोजनालयाच्या काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. पूर्वी ती मेणाची असे, आता प्लॅस्टिकची असते. इवासाकी ताकिझो या गृहस्थाने १९३२ मध्ये ओसाका येथे याचा रीतसर धंदा सुरू केला. टोकियोच्या काप्पाबाशी रस्त्यावर अशा प्रतिकृती आजही विकत मिळतात. भाषा न येणाऱ्या परदेशी माणसाला याचा मोठा आधार. बोट दाखवले की काम झाले. आणि आत जे ताट येते ते कपाटातल्यासारखेच असते. वाटीचा आकार तोच, वरच्या कांद्याच्या पातीचे प्रमाणही तेच.

नमुना सांभाळण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. योशिनोया ही भातावर गोमांस वाढणाऱ्या दुकानांची साखळी १८९९ पासूनची आहे. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत गुरांचा मेंदूरोग आढळला आणि जपानने तेथील मांसाची आयात थांबविली. या साखळीचा सारा पदार्थ अमेरिकन मांसाच्या चवीवर बेतलेला. दुसऱ्या देशाचे मांस वापरून तेच नाव चालविता आले असते. पण फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी आपला मुख्य पदार्थच विक्रीतून काढला आणि सप्टेंबर २००६ मध्ये मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू केला. ते मांस आपल्या कामाचे नाही, परंतु व्यवहार ध्यानात घ्यावा. नाव तेच ठेवून माल बदलणे त्यांना मंजूर नव्हते.

आपल्याला ही तालीम नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे आपण (स.) विचारल्याचे हदीसमध्ये येते. गठ्ठ्यात वरचे थान एक आणि आतली थाने दुसरी, हा मामला त्याच ओल्या धान्याचा आहे.

वागणूक कशी असते

आत शिरताच सारे नोकर एका सुरात स्वागताचा पुकारा करतात. बसताच पाणी किंवा चहा समोर येतो, त्याचे पैसे नाहीत. पुष्कळ ठिकाणी हात पुसायला ओला रुमाल देतात, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार. नोकर उगाच आग्रह करीत नाही, महागडा पदार्थ गळ्यात मारत नाही.

फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बश्या देण्याची युक्तीही कमी नोकरांत जास्त गिऱ्हाईक सांभाळण्यासाठी निघाली. शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातील पट्ट्यावरून ही कल्पना घेतली आणि १९५८ मध्ये ओसाकाजवळ असे पहिले दुकान काढले. बशीच्या रंगावर दाम, शेवटी बश्या मोजायच्या. सारा हिशेब गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर होतो. मात्र हा धंदा दोन्ही बाजूंच्या इमानदारीवर उभा आहे. जानेवारी २०२३ मध्ये एका तरुणाने अशा दुकानात सोयासॉसच्या बाटलीला जीभ लावल्याचे चित्रण देशभर पसरले. त्यानंतर काही साखळी दुकानांना उघडा पट्टा बंद करून मागणीप्रमाणे बशी पाठविण्याची पद्धत घ्यावी लागली.

गिऱ्हाईकांच्या तक्रारी नाहीत असेही नाही. लहान दुकानांत दरपत्रक केवळ जपानीत, काही ठिकाणी फक्त रोख पैसे, बाहेर रांग असेल तर जेवून लगेच उठावे लागते. मोठी तक्रार अशी की पदार्थात बदल करून मिळणे कठीण. अमुक घालू नका म्हटले तर नोकर नम्रपणे वाकतो आणि नम्रपणेच नाही म्हणतो. ठरलेला नमुना सांभाळण्याची ही दुसरी बाजू आहे.

चौथी शंका

मुंबई आणि कोबे यांचे नाते कापसाचे आहे. १८९३ मध्ये निप्पॉन यूसेन कंपनीने जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने मुंबई ते जपान अशी आगबोट सुरू केली, ती आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी. पुढे कोबे येथे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची वस्ती वाढली. तेथील मशीद १९३५ ची, आणि तिच्या बांधकामात हिंदुस्थानी मुस्लिम व्यापाऱ्यांच्याही देणग्या आहेत. आज त्या मशिदीच्या आसपास हलाल सामानाची व खाण्याची दुकाने आहेत. पण तो मोहल्ला सोडला की मुसाफिराची अडचण सुरू होते.

डुकराचे मांस टाळले म्हणजे झाले, असे तेथे होत नाही. नूडलचा पांढरा दाट रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो. मिरिन नावाची गोड तांदळाची दारू, जिच्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते, ती रश्शात, मसाल्यात, माशावरच्या सॉसमध्ये सर्रास पडते. साधा उडोन दिसायला निर्दोष, पण त्याच्या पाण्यातही मिरिन असू शकते. तळणाचे तेल एकच असते. डबाबंद मालावर गहू, अंडी, दूध, कोळंबी यांचा उल्लेख ॲलर्जीसाठी सक्तीचा आहे, डुकराच्या मांसाचा मात्र केवळ शिफारशीचा. शिजवलेल्या ताटाला तर तीही सक्ती नाही. म्हणून ज्या नोकराने दाम व नमुना चोख सांगितला, तोच येथे गोंधळतो. रस्सा तयार होऊन आलेला असतो, त्यात काय आहे ते त्यालाच माहीत नसते.

जुलै २०१३ मध्ये जपानने मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसातून सूट दिली, त्यानंतर मुस्लिम गिऱ्हाईक वाढले आणि दुकानदार जागे झाले. आता पाट्या दिसतात, पण पाटी नीट वाचावी. ‘डुकराचे मांस नाही’ याचा अर्थ हलाल नव्हे. ‘मुस्लिमांसाठी सोयीचे’ असे लिहिलेल्या दुकानात दारूही विकली जात असू शकते. प्रमाणपत्र असलेले दुकान हा तिसरा प्रकार. आम्हास सर्वांत भरवशाचे वाटले ते असे दुकान, जे स्पष्ट लिहिते की मांस हलाल आहे, पण दारू येथे मिळते आणि भांडी वेगळी नाहीत. खावे की नाही हे मग गिऱ्हाईक ठरवते. सोयासॉसमध्ये आंबवताना आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलविषयी आपल्या उलेमांना विचारून घ्यावे.

आपल्या दुकानात काय करावे

थानावर दामाची चिठ्ठी लावावी आणि ओळखीच्यास एक, अनोळखीस एक असे करू नये. नमुना दाखवला त्याच लॉटचा माल द्यावा, लॉट बदलला तर आधी सांगावे. बाकी राहिली चौथी शंका, आणि ती प्रत्येक धंद्यात असते. कापडात ती अशी, की यात सूत किती, पॉलिएस्टर किती, पहिल्या धुण्यात किती आटेल, रंग पक्का का? नोकरास हे ठाऊक नसेल तर त्याने ‘एकदम गॅरंटी’ म्हणू नये. मालकाने गिरणीकडून माहिती घेऊन ती गादीवर लिहून ठेवावी.

हॉटेलवाल्या बांधवांनी याहून अधिक जपावे. परदेशात आपण ज्या काळजीने रश्शाविषयी विचारतो, त्याच काळजीने एखादे शाकाहारी गिऱ्हाईक आपल्या हॉटेलात विचारते, की डाळीला मांसाचा चमचा लागला आहे का, तेल तेच आहे का? त्यास ‘चालतं हो’ म्हणणे ही बेईमानी आहे. भांडी वेगळी असतील तर तसे सांगावे, नसतील तर नाहीत म्हणून सांगावे. त्या दिवशी एक ताट कमी विकले जाईल. पण हलालच्या कमाईत असे न विकलेले ताटही येते, आणि तेच गिऱ्हाईक उद्या चहासाठी, परवा आपल्या माणसांना घेऊन त्याच दुकानात येते.