सतरंजीवरची मंडळी

हिंगोलीहून नर्सीची वाट फार लांबची नाही. दिवाळीच्या दिवसांत दोन्ही अंगांना हळदीची वावरं गच्च हिरवी असतात. नामदेवांचं हे गाव. तिकडे औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाची, आमच्या भागातलं लहान पोरही सांगेल अशी कथा: नामदेवांना समोरून उठवलं, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं.

ख्रिस्ती साधनेवरच्या लेखात ही कथा कशाला, असं कुणी विचारेल. विचारावंच. मराठी ख्रिस्ती माणसाची रोजची उपासना समजून घ्यायला चर्चच्या दारापासून सुरुवात केली की चुकायला होतं. ती जमिनीवर बसते, टाळ वाजवते, ओवी-अभंगात बोलते. तिचं एक मूळ गालील समुद्राच्या काठी असेल, पण तिची बैठक इथली आहे.

हे आपोआप झालं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून अहमदनगरात स्थिरावले. येताना बाकं आली, बाजाची पेटी आली, इंग्रजी चालीही आल्या. त्या चालींवर बसवलेली मराठी गीतं म्हणताना जिभेची फार ओढाताण होई. इंग्रजी गाणं शब्दातल्या आघातावर चालतं, मराठी गाणं मात्रांवर. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की भक्तीच्या आधी हसू येतं. हे ओळखून नगरकडच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, पदं, साकी, दिंडी, सगळा जामानिमा तोच. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना धर्मग्रंथ कानांनी मिळाला, तोही शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून.

त्याच्या अडीचशे वर्षं आधी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात हेच करून बसला होता. १६१६ साली रायतूरला छापलेलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. रविवारी आणि सणावारी मिस्सा आटोपली की लोक ते गात आणि ऐकत. त्या वेळच्या छापील प्रती उरल्या नाहीत. ग्रंथ टिकला तो हाताने केलेल्या नकलांवर. कुणीतरी बोरू घेऊन दिवसचे दिवस एकेक ओवी उतरवत बसलं असेल. मला तर ती नक्कलही साधनाच वाटते.

आणि मग रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांची गोष्ट ‘स्मृतिचित्रे’मुळे घराघरांत पोचली, पण एका तपशिलाकडे लोकांचं लक्ष जात नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो रेघा मारत, क्रमाने, नेमाने वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचा पाय अडकला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती घरांत आजही ‘शांत वेळ’ म्हणून पहाटे जे करतात ते याहून वेगळं नाही: एक उतारा, थोडं थांबणं, एखादी ओळ दिवसभरासाठी बरोबर घेणं. हा उतारा किती मोठा असावा याला धरबंध नाही. एका वर्षात अख्खं बायबल संपवण्याचा नेम करणारे असतात. माझ्या मते त्यांतले बरेच जण लेवीय पुस्तकाशी येऊन थांबतात आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा उत्पत्तीपासून सुरू करतात.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. पुलावरून आलेला माणूस पूल मोडत नाही. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात अशी मुरली आहेत की गाणाऱ्याला कवीचं नाव आठवतही नाही. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनी ख्रिस्ताभोवती एकत्र बसावं, अशी ती कल्पना. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विरला. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त रंगवलेलं ते घर पाहा. कधी कुणी उपाशी दाराशी आलेलं, कधी कुणी अनाथ पोर घरात वाढतंय, आणि घरधनी अभंग रचताहेत. टिळकांची साधना कागदावर उतरली. लक्ष्मीबाईंची चुलीपाशी राहिली. तिच्यावर कुणी आढावा लिहीत नाही.

पंडिता रमाबाईंचा मार्ग आणखी निराळा. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. वर्षाच्या मध्याला तिथे जी जागृती उसळली तिची चर्चा परदेशांत झाली. रडणं, मोठमोठ्याने प्रार्थना, तासन्‌तास. मला व्यक्तिशः त्या उसळीपेक्षा पुढची संथ वर्षं जास्त थोर वाटतात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या, आणि सदनातल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. संस्कृत कोळून प्यालेल्या बाईने पंडिती मराठी बाजूला ठेवणं, हा उपवासच की.

कॅथलिक घरांचा ताल मण्यांवर चालतो. दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो तो ऑक्टोबर हा त्यांच्याकडे जपमाळेचा महिना. एक ‘आमच्या बापा’, दहा ‘नमो मरिये’, असं एक दशक. पाच दशकं झाली की माळ पुरी. वाराप्रमाणे चिंतनाची रहस्यं बदलतात: सोमवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. वसईत आजी सांगते आणि नातवंडं, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये ठेवून, उत्तर देतात. तसं चालायचंच. हरिपाठाला बसलेली पोरं तरी कुठे एकाग्र असतात? त्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं, त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. घरातली वाचनाची मराठी पुन्हा एकदा बोलती झाली.

एकांताचे मार्गही आहेत. जेझुइटांचा दिवसअखेरचा आत्मशोध म्हणजे रात्री निजण्याआधी दिवस उलटा चाळायचा: कुठे कृपा झाली, कुठे आपण कमी पडलो. फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्याला ‘साधना’ संस्थेत श्वासाकडे लक्ष देण्यापासून प्रार्थना शिकवली. विपश्यनेचा शेजार त्यात उघड दिसतो. पुण्यातच राहिलेले फादर देलरी पंढरीची पायवाट चालले आणि १९६० साली विठोबावर ग्रंथ लिहून मोकळे झाले.

आमच्या मराठवाड्यात ख्रिस्ती साधनेची पेरणी जालन्याकडून झाली. नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवलं. शेजारच्या वाशीमला नाझरीन मंडळीने १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना उघडला, आणि आमच्याकडच्या कितीतरी माणसांचा ख्रिस्ती प्रार्थनेशी पहिला संबंध आला तो दवाखान्याच्या खाटेवर. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा.

हिंगोलीत ख्रिस्ती माणसं मोजकीच. मोजक्या माणसांत उपासना घरी येते, ठरल्या वारी, आळीपाळीने. पुढच्या खोलीतला पलंग भिंतीला लागतो, सतरंजी पडते, चपलांचा ढीग दाराबाहेर. ‘जय ख्रिस्त’ म्हणत पाळक येतात. ढोलकी असली तर ढोलकी, नसली तर टाळ्या. वाचन, दोन शब्द, मग साक्ष: या आठवड्यात देवाने काय केलं ते ज्याने त्याने सांगायचं. साक्षीत मीठमसाला पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी हटकत नाही.

शेवटी विनंत्या. पुस्तकाच्या दुकानात आध्यात्मिक विकास म्हणून जे मिळतं त्यात सगळं ‘मी’पासून सुरू होतं. इथे आधी नावं येतात. कुणाचा मधुमेह, कुणाचा अडकलेला पगार, कुणाची दहावी, सोयाबीन भिजलेल्या कुणाचं कर्ज. घरची बाई एका शाळकरी वहीत ती लिहून घेते, आणि पुढच्या बैठकीला वही उघडून विचारते, “काय झालं त्याचं?”

गेल्या दिवाळीत अशाच एका घरी मी बसलो होतो. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी न चुकवणाऱ्या. प्रार्थना चालू पाहून दाराशीच थांबल्या. संपल्यावर ताट खाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, “ताई, तुमच्या त्या वहीत आमच्या नातवाचं नाव लिहा बरं. सोमवारी नांदेडला ऑपरेशन आहे.” ताईंनी पेन शोधलं, सापडेना. मग काकूंनीच पदराला खोचलेलं काढून दिलं.