गाडीत शेगडी नको

सहा डिसेंबरला सांगली-साताऱ्याहून दादरला निघणाऱ्या टेम्पोत आम्हीही अनेकदा बसलो आहोत. अंथरुणे, शिधा, लेकरे आणि कोपऱ्यात गॅसची टाकी. रात्री गाडी थांबली की थंडी म्हणून ताडपत्री ओढायची आणि आतच चहा ठेवायचा. तो चहा आज आठवला की अंगावर काटा येतो.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या रेल्वेच्या पर्यटक डब्यात असाच चहा होत होता. लखनौहून आलेले यात्रेकरू होते. नियम मोडून आणलेल्या टाकीमुळे आग लागली, ९ जण गेले. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, खाली अंथरुणापाशी साचतो. टाकी घरीच ठेवा, भाकरी-चटणी बांधून न्या. बायकांनाही वाटेत शेगडीपाशी बसावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट खंबाटकीची. बोगद्यापुढच्या उताराच्या वळणावर १० एप्रिल २०१८ रोजी कर्नाटकातील मजुरांचा टेम्पो उलटला, १८ जीव गेले. मालाच्या गाडीत माणसे भरू नयेत हे आपल्याला ठाऊक असते, पण भाडे परवडते म्हणून बसतो. वर्गणी थोडी वाढवा, बस ठरवा. ड्रायव्हर एकटाच असेल तर त्याला साताऱ्यात दोन तास झोपू द्या. दादर कुठे पळून जात नाही.