सुजेमागचं पाणी

दिवसभर एसटीत पाय खाली सोडून बसलं की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, मोज्याच्या कडेचा वळ पोटरीवर उमटतो. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. उचलल्यावर तिथे खड्डा राहिला, तर कातडीखाली पाणी साचलंय. रात्री पाय आडवे झाले की ते बहुधा ओसरतं. रोज साचू लागलं, तर कारण शोधायलाच हवं.

या सुजेला डॉक्टर ‘इडिमा’ म्हणतात. शब्द ग्रीक, ‘फुगणे’ या क्रियापदापासून आलेला. ग्रीक कथेतल्या राजा ईडिपसच्या नावातही तोच आहे: ‘सुजलेल्या पायांचा’. चरकसंहितेत सुजेला ‘श्वयथु’ म्हटलंय आणि तिच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिलाय. त्याचा संस्कृत धातू ‘श्वि’, अर्थ पुन्हा फुगणे. दोन्हीकडच्या वैद्यांनी जे डोळ्यांना दिसलं त्याला नाव दिलं. ते का घडतं, याचा उलगडा मात्र टप्प्याटप्प्याने झाला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अंगभर येणाऱ्या सुजेला ‘ड्रॉप्सी’ म्हणत आणि तोच आजार समजत. विल्यम विदरिंग या डॉक्टरांच्या कानावर श्रॉपशायरमधल्या एका बाईचा घरगुती काढा आला. त्यातल्या वीसेक वनस्पतींपैकी गुण फॉक्सग्लोव्हचा आहे, हे त्यांनी हेरलं आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हे औषध घेतल्यावर अनेकांना लघवी भरपूर होई आणि सूज उतरे. हृदयाच्या गतीवरही त्याचा विलक्षण परिणाम होतो, हे त्यांनी नोंदवून ठेवलं.

लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठे. तिच्यातून प्रथिनं जात होती. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली आढळली. १८२७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

या साऱ्याचा मेळ १८९६ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी घातला. केशवाहिन्यांमधला दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, ते धरून ठेवतात. हृदय थकलं की शिरांमध्ये रक्त तुंबतं आणि दाब वाढतो. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन गळलं किंवा यकृताने ते पुरेसं बनवलं नाही, तर पाणी धरून ठेवणारं बळ कमी पडतं. उरलंसुरलं पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्या हत्तीरोगात जंतांमुळे निकामी होतात. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या भागांनी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे.

भारतात ‘ड्रॉप्सी’ हे नाव आजही एका साथीला चिकटून आहे. १९९८ मध्ये दिल्लीत असंख्य लोकांचे पाय सुजले, धाप लागू लागली, अनेक जण दगावले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होती. आपल्याकडे पडीक रानात उगवणारं हेच काटेरी झुडूप. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांतल्या विषाने केशवाहिन्या पाझरू लागतात. नुसती सूज उतरवून भागलं नसतं, स्वयंपाकघरातलं तेल बदलावं लागलं.

म्हणून सूज दिसली की ती कुठे, कधी आणि कशासोबत आली, हे पाहावं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसली, तर लघवी तपासावी. आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर हृदय तपासायला हवं. गरोदरपणी चेहरा-हात सुजून डोकं दुखत असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. मेडिकलमधून परस्पर ‘पाण्याची गोळी’ आणून खाऊ नये. तिने पाय हलके होतील, पण हृदयाचं, मूत्रपिंडाचं किंवा यकृताचं दुखणं आत तसंच वाढत राहील आणि डॉक्टरांना दिसू शकणारी खूण तेवढी पुसली जाईल.