थोडी धुरजड गाडी बरी

बैलगाडी भरणाऱ्याला दोन शब्द पक्के ठाऊक असतात. माल पुढे जास्त झाला की गाडी ‘धुरजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त झाला की ती ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि मानेखालचे पट्टे बैलांचा गळा आवळतात. ऑस्ट्रेलियात एसयूव्हीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून हजारो किलोमीटरच्या सफरीवर निघणाऱ्या कुटुंबांना, त्यांत मेलबर्न-सिडनीची मराठी कुटुंबेही आली, नेमके हेच शहाणपण लागते. प्रत्यक्षात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘गाडी किती ओढते?’ असा. मोठ्या एसयूव्हींच्या माहितीपत्रकात ३५०० किलो हा आकडा सर्रास दिसतो आणि दीड टनाचा ट्रेलर त्यापुढे किरकोळ वाटतो. पण ओढणे वेगळे आणि सावरणे वेगळे. ओढण्याचे काम इंजिन करते. गाडी सावरेल की नाही, हे मात्र वजन कुठे ठेवले आणि वेग किती, यावर ठरते.

डार्विनहून दक्षिणेकडे जाणाऱ्या स्टुअर्ट हायवेवर समोरून ५३.५ मीटरपर्यंत लांबीची रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, येते. ती शेजारून जाताना हवेचा लोट ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. ट्रेलरचे नाक एसयूव्हीमागच्या टो बॉलवर अडकलेले, शेपूट मोकळे. तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. हे झोके जिरवतात ट्रेलरचे टायर. टायर आडवा सरकू लागला की त्याचे तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असा कोन पडतो आणि त्या कोनाच्या प्रमाणात तो उलट रेटा देतो. मेख इथेच आहे. शेपूट आडवे सरकण्याचा वेग तोच राहिला आणि गाडीचा वेग दुप्पट झाला, तर त्या सरकण्याने पडणारा कोन निम्माच होतो, म्हणून रेटाही निम्मा. वेग वाढतो तशी झोके जिरवण्याची टायरची कुवत घटत जाते आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. ताशी ८० ला आपोआप शांत होणारा ट्रेलर त्याहून जास्त वेगात अख्ख्या एसयूव्हीला फिरवू शकतो. ८० वरून १०० वर गेल्यावर गतिज ऊर्जाही सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त होते. जर्मनीत ऑटोबानवरसुद्धा ट्रेलर जोडलेल्या मोटारीला मुळात ८० चीच मर्यादा आहे आणि १०० साठी वेगळ्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, हे उगाच नाही.

हा धोक्याचा वेग किती, ते बरेचसे सामान भरणाऱ्याच्या हातात असते. ट्रेलर उलाळ झाला की हा वेग लवकर गाठला जातो. सामान दोन्ही टोकांना विखुरले तरी तेच होते, कारण फिरण्यातले जडत्व अंतराच्या वर्गाने वाढते. पाण्याचा २० किलोचा कॅन आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवला आणि तोच मागच्या बंपरवर, तीन मीटरवर लटकवला, तर त्याचे जडत्व ३६ पट होते. जास्तीचे चाक, जेरी कॅन, सायकली यांसाठी ट्रेलरच्या पाठीवर बनवलेले स्टँड दिसायला सोयीचे असतात, पण सामान टांगायला त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. जड वस्तू आसाजवळ आणि खाली, एकूण तोल किंचित पुढे, हीच खरी मांडणी. ऑस्ट्रेलियात भरलेल्या ट्रेलरचे सुमारे १० टक्के वजन टो बॉलवर असावे असा प्रघात आहे.

मग पुढे आणखी वजन टाकले तर आणखी सुरक्षित? नाही, तिथे तरफ आडवी येते. १५०० किलोच्या ट्रेलरचे १५० किलो टो बॉलवर आले, बॉल एसयूव्हीच्या मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे आणि दोन आसांत २.८ मीटर अंतर आहे, असे धरू. मागच्या चाकांवर १५० नव्हे, सुमारे २१४ किलो भर पडते आणि पुढची चाके ६४ किलोंनी हलकी होतात. ज्या चाकांनी वळायचे आणि मुख्यतः ज्यांनी थांबायचे, त्यांचीच पकड आपण कमी करतो. शिवाय हे १५० किलो एसयूव्हीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतात. पाच माणसे आणि टपावरचा बोजा धरला तर ३५०० किलो ओढू शकणारी गाडीही इथे कमी पडू शकते.

आता नव्या गाड्यांत झोका ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा असते, मग एवढी काळजी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ती यंत्रणा खरोखर उपयोगी आहे. पण तिच्या हातात असते तीही टायरची पकडच, आणि पुढची चाके आधीच हलकी झाली असतील तर तिच्याकडे भांडवलच थोडे उरते. माणसाच्या प्रतिक्रियेची तर आणखी अडचण आहे. झोका सेकंद-दोन सेकंदांत पुरा होतो. डोळ्यांना दिसून हात स्टिअरिंग फिरवतात तोवर शेपूट उलट दिशेला निघालेले असते आणि आपली दुरुस्ती त्याला आणखी ढकलते. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून घ्यावा, असाही एक सल्ला फिरतो. गाडी क्षणभर ताणली जाते हे खरे, पण आपण त्या धोक्याच्या वेगाच्या आणखी जवळ जातो. स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर केबिनमधल्या बटणाने फक्त तेच हलके लावावेत. तेव्हा मागून धरल्यासारखा ट्रेलर ताणला जातो आणि रेषेत येतो. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे.

निघण्यापूर्वी वजनकाट्यावर जाणे म्हणूनच मला इंजिनच्या आकड्यांहून महत्त्वाचे वाटते: पूर्ण भरलेला ट्रेलर, एसयूव्हीचा प्रत्येक आस, टो बॉलवरचा भार, सगळे वेगवेगळे मोजलेले. आणि हे एकदा मोजून भागत नाही. आसाच्या पुढे एक मीटरवर असलेली ८० लिटरची टाकी दोन दिवसांत रिकामी झाली आणि बॉल आसापासून चार मीटरवर असला, तर बॉलवरचे २० किलो तेवढ्यानेच कमी होतात. सांडपाण्याची टाकी मागे असेल तर ती भरेल तसे आणखी घटतात. घरून धुरजड निघालेला ट्रेलर तिसऱ्या मुक्कामापर्यंत, कोणीही काही न हलवता, उलाळीकडे झुकलेला असतो.