सहा तारा, चार बोटे

गिटार हे सहा तारांचे वाद्य आहे. उजव्या हाताने तारा छेडावयाच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या दाबावयाच्या, अशी ते वाजविण्याची सर्वसाधारण रीत आहे. गिटारीच्या दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात; त्यांना पडदे म्हणतात. तार एक पडदा पुढे दाबली, की स्वर अर्ध्या स्वराने चढतो. डावा अंगठा बहुधा दांडीच्या मागे आधार देण्यात गुंतलेला असतो. तेव्हा सहा तारा सांभाळण्यासाठी उरतात ती चारच बोटे. कोणते बोट कोठे ठेवावे, हे गुरू असल्यास तो सांगतो. आपले आपण शिकणाऱ्याला मात्र ते स्वतःच ठरवावे लागते.

हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. पेटीवर एका स्वराची पट्टी एकच असते. गिटारीवर तोच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. सर्वांत बारीक अशी पहिली तार मोकळी छेडली असता जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. यांपैकी कोणती जागा निवडावी? हात आता कोठे आहे आणि पुढे त्याला कोठे जावयाचे आहे, हे पाहूनच तिची निवड करावी लागते.

नवशिक्याने आरंभी एक नियम पाळावा. लागोपाठच्या चार पडद्यांसाठी तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि करंगळी ही बोटे क्रमाने योजावीत. असे केल्याने हात न हलविता त्या टापूतील सर्व स्वर वाजविता येतात. बोट पडद्याच्या अगदी जवळ, किंचित अलीकडे टेकावे. म्हणजे थोड्या जोराने स्वच्छ स्वर निघतो.

परंतु नियम सर्वत्र पुरत नाही. अनेक स्वर एकदम वाजविले असता त्यास स्वरमेळ म्हणतात. एका स्वरमेळात चौथी, तिसरी आणि दुसरी या तिन्ही तारा दुसऱ्याच पडद्यावर दाबाव्या लागतात. शिकणारा सहजच तर्जनी चौथीवर, मध्यमा तिसरीवर आणि अनामिका दुसरीवर ठेवतो. आता यानंतर येणाऱ्या स्वरमेळात तिसऱ्या तारेची तीच जागा तर्जनीने दाबावयाची आहे, असे समजा. मग तर्जनी व मध्यमा दोन्ही उचलाव्या लागतात, आणि तेवढ्यात ताल चुकतो. याउलट आरंभीच तर्जनी तिसरीवर आणि मध्यमा चौथीवर ठेवली, तर प्रथम बोटांची थोडी दाटी होते खरी. पण पुढे तर्जनी जागची हलवावीच लागत नाही. चांगली योजना पुढचा स्वर ध्यानी घेऊन केलेली असते, ती अशी.

स्पेनमधील थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हे मुख्यतः स्वतःच शिकले. पुढे १९५३ साली त्यांनी स्वरसप्तकांच्या अभ्यासाचे पुस्तक बोटांच्या योजनेसह प्रसिद्ध केले.

जँगो राइनहार्ट यांची कथा याहून विलक्षण आहे. त्यांचा जन्म १९१० साली बेल्जियममध्ये झाला. १९२८ साली पॅरिसजवळ त्यांच्या राहत्या गाडीला आग लागली आणि त्यांचा डावा हात भाजला. अनामिका व करंगळी आखडून गेल्या. चार बोटांचे नियम त्यांना आता निरुपयोगी होते. दीर्घकाळ कष्ट करून त्यांनी आपल्या हाताला साजेल अशी नवी रीत बसविली. सुरावटी ते तर्जनी व मध्यमा या दोनच बोटांनी वाजवीत आणि त्यासाठी हात दांडीच्या लांबीवर झपाट्याने फिरवीत. आखडलेल्या बोटांचा उपयोग त्यांनी काही स्वरमेळांत करून घेतला. १९३४ साली पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्राप्पेली यांच्यासह त्यांनी वाद्यवृंद उभारला आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

म्हणून स्वतः शिकणाऱ्याने नियम अवश्य शिकावेत. पण एखादी जागा वारंवार अडली, तर केवळ तीच ती घोकीत बसू नये. तेथे थांबावे, दुसरे बोट योजून पाहावे आणि हाताला काय सोपे जाते व कानाला काय गोड वाटते, ते पारखून मगच पुढे जावे.